कावेरीच्या टेलपासून तंजावरपर्यंत

तंजावरला जाणारा मराठी माणूस बहुधा तिरुचिरापल्लीकडून येतो. बृहदीश्वराचं शिखर बघतो, राजवाड्यात सरफोजी राजांच्या पुतळ्यापुढे फोटो काढतो आणि रामेश्वरमच्या वाटेला लागतो. ताडकळसहून निघालेल्या एका कुटुंबाने जानेवारीच्या शेवटी ही वाट फिरवली. ते आधी तंजावरच्या दक्षिणेला पट्टुकोट्टै या गावी मुक्कामाला गेले, पहाटे उठून समुद्राकाठच्या दलदलीत शिरले आणि तिथून दिवसभरात वर, शहराकडे सरकत आले. सगळं अंतर दीडशे किलोमीटरांच्या आत बसलं.

घरातली माणसं चार. इतिहास शिकवून निवृत्त झालेले आबा, शेती करणारा त्यांचा मुलगा, सूनबाई आणि आठवीतली नात. ताडकळस हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं बाजाराचं गाव. तिथून नांदेड, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूर, सेलम, तिरुचिरापल्ली असा तेराशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता आहे. हैदराबादपासून सेलमच्या पुढपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४ सरळ दक्षिणेला नेतो. मजल-दरमजल करत, सोबतच्या धपाट्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर त्यांनी तो कापला. घरून निघताना शिवारात ज्वारी हुरड्यावर आलेली होती. इकडे मात्र भाताची कापणी चालू होती आणि रस्त्याच्या एका कडेला कोस-कोसभर भात वाळत घातलेलं होतं.

दलदलीपासून सुरुवात करायची, हा हट्ट आबांचा नव्हता. तो त्यांच्या मुलाचा होता आणि त्याचं कारण शेतकऱ्याचं होतं. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो आणि २०८ किलोमीटर चालून परभणी जिल्ह्यात संपतो. त्यामुळे ‘टेल’, म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, हा शब्द तिथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. वरच्यांचं भागलं की मग खाली पाणी सुटतं. पाळी लांबली की टेलच्या माणसाने अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवायचे, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. कावेरीचं पाणी कर्नाटक आणि तमिळनाडू किती अटीतटीने वाटून घेतात, ते तो वर्तमानपत्रात वाचत आला होता. त्या नदीचं टेल कसं दिसतं, शेवटच्या थेंबाचं काय होतं, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

ते टेल म्हणजे मुत्तुपेट.

कावेरी कोडगूच्या डोंगरात उगम पावते, सुमारे आठशे किलोमीटर वाहते आणि तिरुचिरापल्लीच्या खाली पंख्यासारखी पसरते. करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेला कल्लणै हा जुना बंधारा तिथेच आहे. तिथून नदीचे फाटे, फाट्यांचे कालवे, कालव्यांचे पाट असं जाळं तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम या जिल्ह्यांत विणलं गेलं आहे. वरच्या मेट्टूर धरणाचं काम १९३४ साली पुरं झालं. त्याचे दरवाजे १२ जूनला उघडायचे असा रिवाज आहे, आणि धरणात पुरेसं पाणी नसलं की ती तारीख हुकते. जाळ्याच्या दक्षिण टोकाला पामणियार, कोरैयार असे छोटे फाटे शेतांचं उरलंसुरलं पाणी घेऊन मुत्तुपेटच्या खाजणात उतरतात. पुढे पाल्कची सामुद्रधुनी. पलीकडे श्रीलंका.

सकाळी सहाला गाडी पट्टुकोट्टैहून निघाली. अदिरामपट्टणमपाशी किनाऱ्याचा रस्ता लागला आणि नारळाच्या बागा सरून मिठागरं सुरू झाली. या किनाऱ्यावर मीठ जुनं आहे. इथून पूर्वेला वेदारण्यम लागतं. दांडीयात्रेनंतर महिनाभरातच, एप्रिल १९३० मध्ये, चक्रवर्ती राजगोपालाचारी तिरुचिरापल्लीहून पायी निघून तिथे पोचले होते आणि त्यांनी मिठाचा कायदा मोडला होता. आबांनी हे सांगायला सुरुवात केली तेव्हा नात अर्धवट झोपेत होती, पण मिठाचे पांढरे ढीग दिसताच काच खाली करून बघायला लागली.

मुत्तुपेट गावालगत जांबवानोडैचा मोठा दर्गा आहे. त्याच्या आसपासच्या धक्क्यावरून बोटी निघतात. आत जायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती आदल्या दिवशीच विचारून ठेवलेली बरी. बोट कोरैयारच्या पात्रातून निघते. पहिली काही मिनिटं दोन्ही काठांवर नारळ, झोपड्या, सुकत घातलेली जाळी. मग हळूहळू माणसांच्या खुणा कमी होत जातात आणि काठांवर गर्द हिरवी, बुटकी, एकाच उंचीची झाडं उभी राहतात. पाण्याचा रंग बदलतो, वासही बदलतो. पुढचा तासभर चिखल, पाणी आणि ती झाडं, एवढंच.

“आबा, हे मुळं जमिनीतून वर कामून आलेत?” नातीने विचारलं.

प्रश्न नेमका होता. मुत्तुपेटच्या जंगलात बहुतेक सगळी झाडं एका जातीची आहेत. कोकणात आपण तिला तिवर म्हणतो. दलदलीतल्या चिखलात हवा खेळत नाही, आणि मुळांना तर श्वास हवा. म्हणून तिवराच्या आडव्या मुळांतून बोटाएवढ्या काड्या सरळ वर चिखलाबाहेर येतात. ओहोटीला त्या उघड्या पडल्या की त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. मिठाचाही बंदोबस्त या झाडाने केलेला आहे. काही मीठ मुळंच आत घेत नाहीत आणि जे आत येतं ते पानांवाटे बाहेर टाकलं जातं. सूनबाईंनी बोटीवर ओणवलेल्या फांदीचं एक पान बोटाने पुसलं आणि बोट जिभेला लावून पाहिलं. खारट होतं.

बी रुजवण्याची तऱ्हाही वेगळी. चिखलात पडलेलं कोवळं बी पुढच्या भरतीला वाहून जाणार. म्हणून तिवराचं बी झाडावर असतानाच, फळाच्या सालीच्या आत अंकुरतं. खाली पडतं ते जवळजवळ तयार रोप. जमीन मिळाली की चार दिवसांत मुळं धरतं, न मिळाली तर तरंगत दुसरीकडे जातं.

हे जंगल सुमारे बारा हजार हेक्टरांचं आहे, तमिळनाडूतलं सर्वांत मोठं खारफुटीचं क्षेत्र. पिच्चावरमचं नाव जास्त ऐकू येतं, कारण ते चिदंबरमच्या जवळ आहे आणि सिनेमांत दिसलेलं आहे. पण विस्ताराने मुत्तुपेट कितीतरी मोठं. पूर्वेकडच्या कोडियक्करै अभयारण्यासह हा सगळा ओला पट्टा २००२ साली रामसर यादीत आला. त्या यादीतलं त्याचं क्षेत्र ३८,५०० हेक्टर आहे. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांना हा मान २०२० साली मिळाला आणि ठाण्याच्या खाडीला २०२२ साली. पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केलं गेलं तेही २०२० मध्येच. मराठवाड्यातल्या मुलांना हे सगळं पुस्तकातच भेटतं. समुद्रच दूर, तर खारफुटी कुठली! म्हणून त्या बोटीतला तासभर मोलाचा होता.

वाटेत काठाच्या झाडीत शिरणारे अरुंद चर दिसत राहिले. ते मच्छीमारांनी खणलेले कालवे आहेत. भरतीबरोबर मासे चरांमधून जंगलाच्या आत शिरतात आणि ओहोटीला परतताना जाळ्यात अडकतात. बोयरी आणि कोळंबी ही इथली मुख्य कमाई. ही पद्धत मुत्तुपेटची खास आहे. चर गाळाने बुजू नये म्हणून तो पुन्हा पुन्हा उपसावा लागतो. उपसलेल्या चरातून समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळत राहतं, आणि त्याचा फायदा झाडांनाही होतो.

पाणी खेळणं इथे इतकं महत्त्वाचं का, ते या जंगलाच्या इतिहासात आहे. इंग्रजी अमलात जंगलाचे तुकडे पाडून एकेक तुकडा सपाट तोडायची पद्धत होती. लाकूड निघून जाई आणि जमीन उन्हाला उघडी पडे. उघडा चिखल सुकून खचला की मधोमध खोलगट बशी तयार होई. तिच्यात भरतीचं पाणी शिरे, ते परत जात नसे. ऊन त्याची वाफ करी आणि मीठ मागे राही. मीठ वाढत वाढत इतकं होई की तिवरसुद्धा तिथे रुजत नसे. तोडलेली जागा अशी कायमची ओसाड पडली. १९९० च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, वनखातं आणि काठावरची गावं यांनी मिळून त्यावर उपाय केला. ओसाड बश्यांतून एक मोठा चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके छोटे चर, माशाच्या काट्याच्या आकाराचे, खणले. पाणी खेळू लागलं, मीठ धुऊन निघालं, काठाने रोपं लावली आणि झाडी परतली.

शेतकरी मुलगा आबांकडून हे ऐकताना मान हलवत होता. कालव्याच्या पाण्याने चिबड झालेली, पांढरं मीठ फुटलेली जमीन मराठवाड्यातही आहे, आणि तिथेही निचऱ्याचे चर खणल्याशिवाय ती सुधारत नाही. बोटवाल्याला मराठी कळत नव्हतं, मुलाला तमिळ. पण हाताने चर खणल्याची खूण करून त्याने काहीतरी विचारलं आणि बोटवाल्याने हसून पलीकडचा एक चर दाखवला.

पुढे झाडी अचानक संपते आणि समोर लगून पसरतं. पाणी उथळ, बऱ्याच जागी माणसाच्या कमरेएवढं. हिवाळ्यात इथे पाहुणे पक्षी उतरतात. त्या सकाळी चित्रबलाक दिसले, झोळीवाले पाणकोळी दिसले, बगळे तर सर्वत्र. नातीच्या वहीत नोंदी होत होत्या. काठाने काही ठिकाणी पांढरट, वाळून गेलेले झाडांचे उभे सांगाडेही होते. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर आलं. त्यात डेल्टातली नारळाची झाडं लाखोंनी आडवी झाली आणि या खारफुटीचाही मोठा भाग मेला. तरीही वादळाचा पहिला मार याच जंगलाने झेलला. खारफुटीकडे पडीक जमीन म्हणून बघणाऱ्याने एकदा इथे यावं.

आता या चिखलाचं तंजावरच्या मराठी राजांशी असलेलं नातं. प्रवासी ते चुकवतात, पण या दिवसाचा सगळा अर्थ त्याच्यात आहे. एकोणिसाव्या शतकात मुत्तुपेटची ही खारफुटी ‘छत्रम’ खात्याकडे होती. छत्रम म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा दोन्ही. तंजावरच्या भोसले घराण्याने रामेश्वरच्या यात्रावाटेवर अशी छत्रं उभारली होती आणि त्यांच्या खर्चासाठी जमिनी लावून दिल्या होत्या. या दलदलीतलं सरपण आणि इतर जे उत्पन्न निघे, ते छत्रांच्या कामी येई. पुढे सरकारने ही खारफुटी ताब्यात घेतली आणि १९३७ साली राखीव वन केली. म्हणजे कुण्या यात्रेकरूच्या पानात पडलेल्या भाताचा काही खर्च या तिवरांनी उचललेला होता. हे कळल्यावर दलदल आणि राजधानी अशा दोन वेगळ्या सहली उरत नाहीत.

बोट दहाच्या सुमारास परत आली. गाडी पुन्हा पश्चिमेकडे, किनाऱ्याकिनाऱ्याने मल्लिपट्टणमकडे निघाली. तिथल्या मासळीबंदराच्या थोडं अलीकडे, सरभेंद्रराजपट्टणम नावाच्या जागी एक विलक्षण इमारत उभी आहे. सरभेंद्र म्हणजेच सरफोजी. इमारतीचं नाव मनोरा. षट्कोनी, आठ मजली, सुमारे तेवीस मीटर उंच, भोवती खंदक आणि तटबंदी. सरफोजी दुसरे यांनी १८१४-१५ मध्ये ती बांधली, आणि कशासाठी, तर युरोपात नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून. इंग्रजांचा मित्र या नात्याने राजाने हा स्तंभ उभारला, असा मजकूर तिथल्या शिलालेखात आहे. लेख अनेक भाषांत कोरलेले आहेत. त्यांत मराठीही आहे.

आबा या लेखापुढे बराच वेळ उभे राहिले. “मामा, उन्हात लई वेळ नका थांबू,” असं सूनबाईंनी म्हटलं तरी हलले नाहीत. मनोरा पुरा झाला त्यानंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. त्याच राजवटीच्या विजयाचं स्मारक एका भोसल्याने पाल्कच्या किनाऱ्यावर बांधलं, ही गोष्ट मराठी मनाला बोचते. पण सरफोजींची स्थिती नीट पाहायला हवी. तंजावरच्या गादीचा वाद ईस्ट इंडिया कंपनीनेच मिटवला आणि १७९८ मध्ये त्यांना गादीवर बसवलं. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, सगळा मुलूख कंपनीने घेतला. राजाकडे राहिला तो तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, राज्यकारभार नाही. ज्या माणसाजवळ पैसा आहे आणि सत्ता नाही, त्याने तो पैसा कशावर खर्च केला यावरून त्याची परीक्षा करावी. मनोरा हा त्या खर्चातला लहान भाग आहे. मोठा भाग पुढे रस्त्यावर आणि शहरात लागणार होता.

मनोऱ्याला २००४ च्या त्सुनामीत इजा झाली होती, नंतर डागडुजी झाली. समोरचा समुद्र उथळ आहे आणि तळाशी समुद्री गवताची कुरणं आहेत. ती खाऊन जगणारी समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, इथे आढळते. तिच्यासाठी तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरांचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. असं क्षेत्र देशात पहिलंच. समुद्रगाय त्यांना दिसली नाही. ती सहसा दिसतही नाही.

पट्टुकोट्टै ओलांडून गाडी उत्तरेला लागली. हा पट्टा कावेरीच्या जुन्या जाळ्याबाहेरचा होता. मेट्टूर धरणाबरोबर कल्लणैहून नवा कालवा काढला तेव्हा इथे पाणी आलं. लोक अजून त्याला नवी नदी या अर्थाने ‘पुदु आरु’ म्हणतात. कालव्याच्या काठी मुलाने गाडी थांबवली. पाणी वाहत होतं. किती दिवसांची पाळी, कोण वाटतं, टेलला पोचतं का, असे प्रश्न तिथल्या एका शेतकऱ्याला हिंदी-इंग्रजीच्या मोडक्या जुळणीने विचारून झाले. टेलच्या प्रश्नावर तो शेतकरी खो-खो हसला. त्या हसण्यात उत्तर होतं.

तंजावरच्या अलीकडे ओरत्तनाडू लागतं. इथे मुक्तांबाळ छत्र आहे. मुक्तांबाळ ही सरफोजींची प्रिय सखी. तिने मरताना आपल्या नावाने छत्र बांधण्याची इच्छा सांगितली आणि राजाने १८०२ साली ते उभारलं, अशी हकिगत आहे. दगडी जोत्याला रथाचा आकार दिलेला आहे. हत्ती आणि घोडे तो ओढत आहेत. आतल्या लाकडी खांबांवरचं कोरीव काम बघून कुणालाही आपल्याकडच्या वाड्यांची आठवण व्हावी.

इथे नुसतं जेवण मिळत नसे. सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिलं होतं. छत्रं आपल्याकडेच राहू द्यावीत अशी त्यात मागणी होती आणि तिथे काय चालतं याचं वर्णन होतं. येणाऱ्याला जात न विचारता अन्न. ज्याला स्वतः रांधायचं त्याला शिधा. आजाऱ्याला वैद्य आणि औषध, बरा होईपर्यंत राहण्याची सोय. बाळंतिणीची काळजी. अनाथ मुलांचं पालनपोषण आणि शिक्षण. वाटेत मेलेल्या बेवारश्याचे अंत्यसंस्कार. राज्य गेलेला राजा कंपनीकडे शेवटचं म्हणून मागतो ते हे. नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र, मीमिसलचं राजकुमारांबाळ छत्र अशी अनेक या वाटेवर होती आणि बहुतेकांना राजस्त्रियांची नावं आहेत. मुक्तांबाळ छत्रात शाळाही चाले. सकाळी पाहिलेल्या तिवरांचं सरपण आठवून सूनबाई म्हणाल्या, “मग एवढा स्वयंपाक त्याच लाकडावर झाला असंल की.” असेलही.

दुपारी दोनच्या सुमारास तंजावर आलं. शहर सपाट आहे, गजबजलेलं आहे, आणि शिखर दिसेपर्यंत त्याच्या वयाचा अंदाज येत नाही. मंदिराचा गाभारा दुपारी बंद असतो, म्हणून आधी राजवाडा. तो मुळात नायक राजांचा. शहाजीराजांचे आणि तुकाबाईंचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि पुढे १८५५ मध्ये कंपनीने वारस नाकारून गादी खालसा करेपर्यंत तिथे भोसले नांदले. एकशे ऐंशी वर्षं. सातारा त्याआधीच, १८४८ मध्ये, खालसा झालं होतं. पुण्याची पेशवाई तर कधीच गेली होती.

या एकशे ऐंशी वर्षांत मराठीत जे घडलं, त्याची महाराष्ट्रात अजून पुरेशी वाच्यता नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक रचलं. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ सांगलीला झालं ते त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १८४३ साली. समर्थांच्या शिष्यांनी इकडे मठ घातले, कीर्तन इकडे आलं आणि तमिळ हरिकथेत मुरलं. दक्षिणेच्या भजनपरंपरेत नामदेव-तुकारामांचे अभंग आजही गायले जातात. समर्थांचं जांब आणि नामदेवांची नरसी ही दोन्ही गावं ताडकळसपासून मोटारीने काही तासांच्या अंतरावर. आबा या मुद्द्यावर फार हळवे झाले. गोदावरीकाठचे शब्द कावेरीकाठच्या गळ्यांनी तीनशे वर्षं जपले आणि आपण ते वर्गात कधी शिकवलं नाही, असं ते म्हणाले.

सरस्वती महाल ग्रंथालय राजवाड्याच्या आवारातच आहे. नायकांच्या पोथीशाळेला सरफोजींनी खरं रूप दिलं. १८२० नंतर त्यांनी मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रा केली, तेव्हाही परतताना पोथ्या गोळा करून आणल्या. आज तिथे सुमारे ४९,००० हस्तलिखितं आहेत. बहुतेक संस्कृत, पण मराठीचीही तीन हजारांहून जास्त आहेत आणि मोडी कागदांचे गठ्ठे वेगळेच. प्रवाशांना आतल्या कपाटांपर्यंत जाता येत नाही. छोट्या संग्रहालयात निवडक पानं, चित्रं, नकाशे मांडलेले आहेत. तेवढ्यातही तासभर सहज जातो.

नातीला तिथे आपल्या कामाची वस्तू सापडली. सरफोजींनी १८०५ च्या सुमारास छापखाना काढला, देवनागरी खिळे पाडून घेतले आणि १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक छापलं. इसापच्या गोष्टी मराठीत, मुलांसाठी. मुंबईत मराठी छपाईने जोर धरण्याच्या कितीतरी आधी. याच राजाने ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटकही लिहिलं. कुरवंजी हा तमिळ मुलखातला नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरातली स्त्री येते आणि आपण फिरलेल्या देशांचं वर्णन करते. सरफोजींनी तिच्या तोंडून जगाचा भूगोल सांगितला, खंडं, देश आणि समुद्र. राजाला हा भूगोल कुठून? त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी ख्रिस्तियान श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने घेतली होती. श्वार्ट्‌झच्या मृत्युशय्येशी सरफोजी उभे आहेत असं संगमरवरी शिल्प जॉन फ्लॅक्समनने घडवलं. ते शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आहे.

राजवाड्याची डागडुजी चालू असते, पण काही दालनांची अवस्था वाईट आहे. दरबारातल्या भिंतींवरचे रंग उडाले आहेत, कमानींत कबुतरं आहेत. एवढी मोठी वास्तू सांभाळणं सोपं नाही हे खरं. तरी महाराष्ट्रातून इथे दरवर्षी येणाऱ्या लोकांची संख्या पाहता मराठी पाट्या, मराठी माहितीपत्रक आणि मोडी वाचू शकणारी माणसं घडवण्यासाठी महाराष्ट्राने काही भार उचलायला हरकत नसावी. मोडीचे ते गठ्ठे वाचणारे डोळे दर पिढीत कमी होत आहेत.

चारनंतर मंदिर. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं, दोनशे फुटांहून उंच शिखराचं हे शिवालय १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. परिसरात डोंगर नाही, खाणही नाही. सगळा ग्रॅनाइट दुरून आणलेला. भाताच्या सपाट शिवारातून एवढा दगड इथवर आणून चढवायला जे बळ लागलं, ते कावेरीच्या पिकाचं बळ होतं. मुलाने शिखराकडे पाहत एवढंच म्हटलं, “पाणी हाय म्हणून हे हाय.”

गर्दी नंदीभोवती आणि गाभाऱ्यात असते. मराठी माणसाने तिथून पुढे नैर्ऋत्येच्या ओवरीत जावं. सरफोजींनी जीर्णोद्धार केलेलं गणपतीचं देऊळ त्याच कोपऱ्यात आहे. ओवरीच्या भिंतीवर देवनागरीत, बारीक, सलग ओळींनी भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. सरफोजींच्या आज्ञेने त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो लिहिला आणि १३ डिसेंबर १८०३ या दिवशी तो पुरा झाला. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. दगडाच्या पाट्यांमागून पाट्या जातात, वंशावळ, लढाया, तह, गादीचे वाद. नातीने एक ओळ धरून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. जुनी भाषा, पदच्छेद नाही, तरी ‘शहाजीराजे’, ‘येकोजीराजे’ (म्हणजे व्यंकोजी) अशी नावं तिला एकटीने लागली. आजूबाजूचे दोन-तीन तमिळ प्रवासी थांबले आणि हे वाचता येतं का, म्हणून विचारू लागले. मग आबांनी थोडं इंग्रजीत समजावलं. पाऊण तास गेला.

रात्री जेवताना उद्याचा विषय निघाला. सूनबाईंना कुंभकोणमला जायचं होतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले टी. माधवराव १८२८ साली तिथलेच एका मराठी घरात जन्मले. आबांचं मन मात्र उत्तरेला, कोळ्ळिडम नदीपलीकडच्या तिरुमळवाडीकडे ओढत होतं. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी व्यंकोजींना तिथे भेटीला बोलावलं होतं. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीची बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रात्रीतून नदी ओलांडून तंजावरला निघून आले. तंजावरची गादी त्यानंतरही भोसल्यांच्या त्या शाखेकडेच राहिली. परतीचा रस्ता तसाही उत्तरेलाच जातो, असं मुलगा म्हणाला. सकाळी लवकर निघालं तर नदीकाठी थांबून अंधार पडायच्या आत सेलम गाठता येईल, असं ठरलं. कुंभकोणम पुढच्या खेपेला.